दोन दांड्या

तुर्भ्याच्या भंगारात सिलिंडर मिळाला,
कुठल्याशा मोडलेल्या लोडरचा, चार इंची.
दट्ट्यावर गंज नाही, एकच ओरखडा.
भंगारवाला म्हणाला, जन्मभर माती उचलली ह्याने.
मी म्हणालो, आता आडवं झोपून काम करेल.

गोठिवलीत वखारीमागे
विटांवर गर्डर मांडला, लेव्हल लावून.
हसुराम मढवी कुऱ्हाडीला धार लावत बघत होता.
तीस वर्षं तो ह्याच जागी फोडतोय,
स्मशानासाठी जाडं, बेकरीसाठी बारीक,
हळदीच्या चुलींसाठी मधलं.
आता त्याचा उजवा हात
कानापर्यंतसुद्धा जात नाही.
"मना नको तुजी मशीन."
मी म्हणालो, खांद्याला विचार.

पाचरीलाच तीन रविवार गेले.
ट्रकच्या पाट्याचं पोलाद. आधी तापवलं,
मग वेल्डिंग, मग रात्रभर राखेत पुरून ठेवलं,
घाई केली की तडकतं.
लोकांच्या तोंडी पाचर म्हणजे खोडा,
जमलेल्या लग्नात मारतात, सोसायटीच्या ठरावात मारतात.
मी तीस अंशांत घासून, कुणाचं वाईट न चिंतता
एक पाचर मारणार होतो.

एक्क्याण्णव साली रबाळ्याच्या कारखान्यात
माझी दोन बोटं प्रेसखाली राहिली.
त्या प्रेसला एकच पॅडल होतं, पायाचं.
हात कुठे आहेत हे विचारायची
तिला सोयच नव्हती.

म्हणून इथे दोन दांड्या.
दोन्ही दाबून धरल्या तरच दट्ट्या सरकतो.
एक सुटली की जागीच थांबतो,
बोलता बोलता कुणाचं नाव आठवेनासं व्हावं तसा.
हसुरामचा निकेश म्हणाला, काका,
एक दांडी तारेने बांधू, वेळ वाचेल.
मी काही बोललो नाही.
डाव्या हाताने त्याला चहाचा कप दिला.
त्याने कप घेतला आणि बराच वेळ
कपाकडेच बघत राहिला.

पहिल्या दिवशी होज सुटला.
अडुसष्ट नंबरचं तेल, छातीभर.
हा वास साबणाने जात नाही, बेसनाने जातो,
हे उल्काला चौतीस वर्षांपासून ठाऊक आहे.
तिने दारातच वाटी धरली.
म्हणाली, रिटायर कोण झालं होतं?

दुसऱ्यांदा बाभूळ घातली. अठरा सेकंद.
कुऱ्हाडीसारखा आवाज नाही,
आधी एक करकर, मग लाकूड आपणहून
मत बदलल्यासारखं उघडलं.
हसुराम जवळ आला. ढलपी उचलून हुंगली.
म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आयकला हाय.
हिला लाकडाचा दांडाच नाय.
हिचा गोत कंचा?
मला उत्तर सुचलं नाही. मोटर तापली होती.

मग चिंच आली,
गावदेवीमागे पार्किंगसाठी पाडलेली.
पाचर चार इंच शिरली आणि अडली.
काटा दीडशेवर. रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळायला लागला.
मी म्हणालो, सोड. हसुराम सोडेना.
दोन्ही दांड्या त्याच्या कोपराच्या उंचीवर होत्या,
माप मी न सांगता घेतलं होतं.
मी हात पुढे केला तेवढ्यात त्यानेच सोडलं,
ओंडका फिरवला, पुन्हा धरलं.

फाकलेल्या लाकडात, मधोमध,
एक लोखंडी कडी.
चिंचेने सगळ्या बाजूंनी गिळलेली,
भोवती गंजाचं काळं वर्तुळ.
मी म्हणालो, पाचरीची धार गेली बघ.
तो म्हणाला, बैलाची हाय.
मग पार्किंगच्या बाजूला मान करून,
"थय खला व्हता."
एवढंच. पुढचा ओंडका लावला.

संध्याकाळी त्याने कडी रॉकेलने पुसली
आणि माझ्या मशीनच्या एका बोल्टला अडकवली,
मला न विचारता.
वरची सील अजून गळते, थेंब थेंब.
त्या कडीत आता
हात पुसायचं फडकं असतं.